गुन्हा कोणाचा? वऱ्हाडातील फौजदारी जबाबदारीची दोनशे वर्षे

फौजदारी कायदा काही मोजक्या प्रश्नांवर उभा आहे. कृत्य घडले का, ते करताना करणाऱ्याच्या मनात काय होते, ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच ते केले का, आणि त्या दिवशी त्या जागी त्या कृत्याला गुन्हा ठरवणारा कायदा लागू होता का. आज अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या सत्र न्यायालयात उभा राहणारा प्रत्येक खटला या प्रश्नांतून जातो. वऱ्हाडात या चारही प्रश्नांची उत्तरे दोनशे वर्षांत अनेकदा बदलली. सर्वांत जास्त ओढाताण झाली ती तिसऱ्या प्रश्नाची, म्हणजे गुन्हा गावाचा, जातीचा की एकट्या माणसाचा, याची.

अठराव्या शतकात वऱ्हाडात दुहेरी अंमल होता. एकाच गावाचा वसूल निजाम आणि नागपूरकर भोसले दोघेही नेत. १८०३ मध्ये अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. पुढची पन्नास वर्षे निजामाच्या नावाने कारभार चालला, पण वसुलीचे मक्ते घेणाऱ्यांना न्यायनिवाड्यात फारसा रस नव्हता. गुन्ह्याचा निकाल बहुधा गावातच लागे. पाटील, पांड्या, देशमुख आणि जातीची पंचायत हीच त्या काळची न्यायसंस्था होती.

मराठी मुलखाच्या जुन्या कागदपत्रांतून या व्यवस्थेचे चित्र बरेच स्पष्ट दिसते. चोरी झाली की गावच्या रखवालदारांनी चोराचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत गेला आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत शिरला, की जबाबदारी त्या गावाची. त्या गावाने माग पुढे काढून दाखवावा, नाहीतर चोरीला गेलेल्या मालाची भरपाई द्यावी. इथे गुन्हेगाराचे नाव कळण्याची गरजच नव्हती, शीव पुरेशी होती. खुनाच्या बाबतीतही तोडगा घराण्यांमध्ये निघे. मारेकऱ्याच्या घराण्याने मृताच्या वारसांना जमीन तोडून द्यायची. अशा जमिनीला खूनकत किंवा मुंडकत म्हणत. पुरावा तोकडा पडला तर दिव्य होते: उकळत्या तेलातून धातूचा तुकडा उचलायचा, हात बांधून ठेवायचा आणि काही दिवसांनी त्यावर फोड आले की नाही ते पाहून खरे-खोटे ठरवायचे. आरोपीच्या मनात काय होते, हा प्रश्न या पद्धतीत गौण होता. भांडण मिटावे, नुकसान भरून निघावे आणि गावाचा गाडा पुन्हा चालू व्हावा, एवढेच तिला हवे होते.

या पद्धतीत मृताच्या घरच्यांना काहीतरी हाती लागे, ही तिची खरी जमेची बाजू. फाशी किंवा तुरुंग त्यांच्या पदरात काहीच टाकत नाही. पण तिचा भार सर्वांवर सारखा पडत नव्हता. माग काढण्याचे आणि रात्रीच्या पहाऱ्याचे काम महार आणि जागल्यांकडे होते, आणि माग हरवला तर पहिला संशय व पहिला मार त्यांच्याच वाट्याला येई. सामूहिक जबाबदारी म्हटली तरी ती गावात उतरंडीप्रमाणेच वाटली जात असे.

२१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी हा प्रदेश तारण म्हणून द्यावा लागला होता. पुढे पूर्व वऱ्हाडाचे ठाणे अमरावती आणि पश्चिम वऱ्हाडाचे अकोला असे दोन विभाग झाले, आणि इंग्रजी धर्तीची न्यायालये तिथे बसली. पण मालकी निजामाचीच राहिली. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता, आणि इथली रयत निजामाची प्रजा होती.

त्यामुळे कलकत्त्याच्या विधिमंडळाने केलेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. तो सरकारी हुकमाने स्वतंत्रपणे लागू करावा लागे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली, १८६० मध्ये मंजूर झालेली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेली भारतीय दंड संहिताही वऱ्हाडात अशाच वाटेने आली. फौजदारी कायद्याचे पहिले तत्त्व असे की आधी लागू असलेल्या कायद्याशिवाय शिक्षा नाही. जिथे कायदा अधिसूचनेच्या कागदावरून येतो, तिथे हे तत्त्व वकिलाच्या रोजच्या कामाचा भाग होते. हा कायदा इथे लागू आहे का, कोणत्या तारखेपासून, पूर्ण की काही कलमे वगळून, हे आधी तपासावे लागे.

हा नुसता काथ्याकूट नव्हता. सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटवर एका माणसाला हैदराबाद संस्थानातल्या रेल्वे स्टेशनवर अटक झाली. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८९७ मध्ये निकाल आला की ती अटक बेकायदेशीर होती. निजामाने रेल्वेच्या जमिनीवरचा अधिकार रेल्वेच्या कारभारापुरता दिला होता, इंग्रजांना हव्या त्या माणसाला तिथे पकडण्यासाठी नव्हे. जेवढा अधिकार दिला तेवढाच चालणार, हा त्या निकालाचा गाभा होता. निजामाच्या मुलखात जिथे जिथे इंग्रजांची हुकमत चाले, तिथे तिथे तो लक्षात ठेवण्यासारखा होता.

१९०२ मध्ये वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले, आणि १९०५ मध्ये अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ असे चार जिल्हे उरले. १९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय आले. तरीही निजामाचे नाममात्र स्वामित्व कायम होते, म्हणून १९४१ मध्ये वऱ्हाडसाठी खास कायदा करून दंड संहितेसह अनेक कायद्यांचा विस्तार तिथे रीतसर करावा लागला. दंड संहितेच्या जुन्या छापील प्रतींत पहिल्याच कलमाखाली वऱ्हाडचा उल्लेख असलेली तळटीप आढळते, ती या कायद्याची.

दंड संहितेने वऱ्हाडात आणलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माणसाच्या मनाचा हिशेब. धुऱ्याचा वाद घेतला म्हणजे हे चांगले कळते. वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून निघालेली भांडणे इथल्या फौजदारी न्यायालयांना नवी नाहीत. धुऱ्यालगतच्या दोन तासांतली तूर शेजाऱ्याने कापून नेली. ती आपल्याच सर्व्हे नंबरातली आहे असे तो खरोखर मानत असेल, तर मोजणीत तो चुकीचा ठरला तरी ती चोरी होत नाही. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो आणि हक्काच्या प्रामाणिक समजुतीत तो नसतो. त्याने नुकसान भरून द्यावे, पण ते दिवाणी न्यायालयात. तीच तूर रात्री, जागल्याची नजर चुकवून नेली, तर रात्र आणि लपवाछपवी हाच हेतूचा पुरावा ठरतो.

त्याच धुऱ्यावर बाचाबाची वाढली आणि एकाने बैलगाडीची उभारी उपसून दुसऱ्याच्या डोक्यात घातली. माणूस दगावला. जुन्या पद्धतीत हा एक खून होता आणि त्याची भरपाई जमिनीने झाली असती. दंड संहितेच्या २९९ आणि ३०० या कलमांनी त्याच्या अनेक पायऱ्या केल्या. ठार मारायचाच इरादा होता का? निसर्गक्रमाने मरण येईल इतकी जखम करण्याचा इरादा होता का? मरण येण्याचा संभव आहे एवढेच ठाऊक होते का? अचानक आणि गंभीर चिथावणीने तोल गेला होता का? घाव एकच असतो, पण उत्तराप्रमाणे शिक्षा फाशीपासून काही वर्षांच्या कैदेपर्यंत बदलते. घाव किती घातले, शरीराच्या कोणत्या भागावर घातले, हत्यार घरून आणले की हाताशी आले ते उचलले, यावरून न्यायाधीश मनाचा अंदाज बांधतो. उभारी गाडीलाच असते, ती कोणी मुद्दाम आणत नाही. एवढ्याशा तपशिलावर जन्मठेप आणि दहा वर्षे यांच्यातला फरक ठरू शकतो.

मनाचा हा हिशेब किती दूरवर जातो, हे नागपूर उच्च न्यायालयाच्या १९५२ च्या एका निकालात दिसते. तेव्हा वऱ्हाड त्याच न्यायालयाच्या कक्षेत होते. प्रकरण बस्तरकडचे. पाने गोळा करायला डोंगरात गेलेल्या एका आजारी माणसाने आपल्या मुलाला कुऱ्हाडीने मारले. त्या क्षणी त्याला समोर वाघ दिसत होता. न्यायालयाने त्याला सोडले, कारण त्याला जे दिसत होते ते खरे असते तर त्याचे कृत्य गुन्हा ठरले नसते. सात वर्षांखालील मूल, वेडाच्या भरात असलेला माणूस, जीव वाचवण्यासाठी प्रतिकार करणारा, या सगळ्यांना मिळणारी सूट याच तत्त्वावर उभी आहे. कृत्य घडले म्हणून गुन्हा घडतो असे नाही.

पण ज्या राजवटीने हे तत्त्व आणले, तिनेच त्याला उघड अपवादही केले. त्यासाठी तिला माफी देता येत नाही, हे सांगितलेच पाहिजे. १८३६ च्या ठगीविरोधी कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच गुन्हा ठरवला. एखाद्या ठरावीक खुनात त्या माणसाचा हात होता हे दाखवण्याची गरज उरली नाही. दंड संहितेच्या ३१० आणि ३११ या कलमांतही ठग कायम राहिला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर टोळीच्याही पलीकडे जाऊन जन्मालाच हात घातला. हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, आणि १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करण्याची सोय झाली. जाहीर झालेल्या जमातीच्या माणसाने पोलिसांत नाव नोंदवायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची आणि पासाशिवाय गाव सोडायचे नाही. मूल जन्माला येण्याआधीच संशयित ठरलेले असे.

वऱ्हाडात याची तयारी आधीच झाली होती. मेजर गनथॉर्प या पोलीस अधिकाऱ्याने १८८२ मध्ये मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातील ‘गुन्हेगार जमातीं’वर पुस्तक लिहिले. त्यात फासेपारध्यांसारख्या समाजांची वर्णने आहेत. त्यांचे पेहराव, भटकण्याचे मार्ग, बोली आणि कथित चोरीच्या रीती तो एकामागून एक नोंदवतो. अकोला आणि अमरावतीच्या रानांत फासे लावून तित्तर-बटेर धरणारा माणूस या पुस्तकात व्यक्ती म्हणून येत नाही, नमुना म्हणून येतो. जंगलाचे कायदे कडक झाले, शिकारीवर बंदी आली आणि पोटाचे साधन गेले, हे कारण त्या पोलिसी नजरेला दिसत नव्हते. ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. पण १९५९ च्या सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्याने संशयाला दुसरी चौकट मिळाली. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कलमे रद्द केली, आणि विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही त्यांत होत्या. पारधी तांड्यावर चोरीच्या तपासासाठी पहिली धाड पडण्याची सवय कोणत्याच अधिनियमात लिहिलेली नाही, म्हणून ती कोणत्याच निकालाने पुसली जात नाही.

राजकीय गुन्ह्यांनी मनाच्या हिशेबाला वेगळ्या दिशेने ताणले. सप्टेंबर १८९७ मध्ये मुंबईत न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर लोकमान्य टिळकांना राजद्रोहासाठी १८ महिन्यांची शिक्षा झाली. सरकारबद्दल प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितला होता. डिसेंबरअखेर काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर स्वतः नामांकित वकील होते आणि पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे हे अमरावतीचे वकील आणि टिळकांचे जवळचे स्नेही. त्याच वर्षी पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली आरोप न ठेवता स्थानबद्ध केले होते, आणि त्याबद्दलचा संतापही सभेत होता. आरोप नाही, पुरावा नाही, बचाव नाही, तरी कैद आहे. जबाबदारीचे तत्त्वच गाळून टाकणारा हा प्रकार वकिलांनी भरलेल्या त्या मंडपाला झोंबला नसता तरच नवल. सरकारचे उत्तर १८९८ मध्ये आले: राजद्रोहाचे १२४-अ हे कलम आवळले गेले आणि समाजगटांत वैर पसरवण्याबद्दलचे १५३-अ नव्याने घातले गेले.

१९३० च्या सत्याग्रहाने आणखी एक भेद समोर आणला. काही कृत्ये मुळात वाईट असतात, म्हणून गुन्हा ठरतात. काही केवळ बंदी आहे म्हणून गुन्हा ठरतात. अकोल्याजवळचे दहिहांडा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येते. तिथल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढले जाई. इंग्रजी अमलात ते बंद झाले. एप्रिल १९३० मध्ये वऱ्हाडातल्या सत्याग्रहींनी त्याच गावी मीठ तयार केले. आजोबांच्या काळी जो धंदा होता, तो नातवाच्या काळी तुरुंगाचे कारण झाला. मधल्या काळात बदलला तो फक्त कायदा. जुलै महिन्यात पुसदजवळ धुंदच्या राखीव जंगलात बापूजी अणे यांनी गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला आणि कैद पत्करली. गवताची पेंढी उघड्यावर, पोलिसांना आधी कळवून कापणाऱ्याच्या मनात अप्रामाणिकपणा कुठला? असल्या कायद्यांना तो प्रश्न विचारायची गरजच नसते. बंदी मोडली एवढे पुरे.

१९४२ मध्ये सामूहिक जबाबदारी उघडपणे परत आली. ऑगस्टमध्ये अमरावती जिल्ह्यात यावली आणि बेनोडा येथे गोळीबार झाले. त्याच वर्षीच्या वटहुकमाने सरकारला एखाद्या भागातल्या रहिवाशांवर सरसकट दंड बसवण्याची आणि काही व्यक्तींना किंवा वर्गांना त्यातून वगळण्याची मुभा मिळाली. मागाच्या जुन्या रीतीत गावाला निदान माग पुढे दाखवून सुटता येत होते. इथे तेवढीही वाट नव्हती.

स्वतंत्र भारताने मात्र हेच हत्यार अगदी वेगळ्या कामासाठी हाती घेतले. त्याचीही एक खूण अमरावतीत आहे. १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून इथे चळवळ उभी राहिली, आणि १३ नोव्हेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली शहरात परिषद भरली. तेव्हा मंदिराचे दार अडवणारा कोणताही गुन्हा करत नव्हता, कारण प्रघात त्याच्या बाजूने होता. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता बंद केली आणि १९५५ च्या कायद्याने ती शिक्षापात्र केली. या कायद्याने मनाच्या प्रश्नावर जाणीवपूर्वक वेगळी भूमिका घेतली. मनाई झालेले कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते हे दाखवायचे काम आरोपीचे. १९७६ च्या दुरुस्तीने कलम १०-अ आले आणि अशा गुन्ह्यांना साथ देणाऱ्या किंवा ते लपवणाऱ्या भागातल्या लोकांवर सामूहिक दंड बसवण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला. बहिष्कार गाव मिळून घालते आणि साक्षीला मात्र कोणी पुढे येत नाही. अशा ठिकाणी एकट्या आरोपीचा शोध घेणारा कायदा लुळा पडतो, हे ओळखून ही तरतूद झाली. वैयक्तिक जबाबदारीचे तत्त्व कुठे ढिले करावे याचे हे सर्वांत समर्थनीय उदाहरण म्हणता येईल.

मेळघाटात मनाचा प्रश्न याहून कठीण रूपात समोर येतो. कोरकू वस्त्यांत तान्ह्या बाळाचे पोट फुगले, ते रडायचे थांबेना, की भूमका, म्हणजे वस्तीवरचा पारंपरिक वैदू, विळा तापवून त्याच्या पोटावर चटके देतो. याला डंबा म्हणतात. आईबापांनी स्वतः बाळ नेलेले असते आणि ते बरे व्हावे हीच त्यांची इच्छा असते. दंड संहितेच्या ८९ व्या कलमाने बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण दिले होते. पण सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे. ५२ व्या कलमाप्रमाणे योग्य काळजी आणि लक्ष दिल्याशिवाय केलेले काहीही सद्भावनेने केलेले मानले जात नाही. म्हणजे प्रेम पुरेसे नाही, सावधगिरीही हवी. आता सावधगिरी कोणत्या मापाने मोजायची? पावसाळ्यात रस्ता बंद असलेल्या पाड्यावरच्या, पिढ्यान्‌पिढ्या हेच पाहिलेल्या बापाच्या, की परतवाड्याच्या डॉक्टरच्या? २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद केली आहे आणि तापवलेल्या वस्तूचे चटके त्याच्या अनुसूचीत आहेत. तिथला रोख मात्र मुख्यतः भूत उतरवण्याच्या बहाण्यावर आहे, पोटदुखीच्या उपचारावर नाही. भूमक्यावर कारवाई व्हावी यात शंका नाही. पण त्याच गुन्ह्यात आईला भूमक्याच्या शेजारी उभे करणे न्यायाचे होत नाही. भाजलेले बाळ घेऊन दवाखान्यात येण्याचीच तिला भीती वाटू लागली, तर कायदा ज्या बाळासाठी केला त्याच्याच मुळावर येईल.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, चोरीचे ३७९ आता ३०३ झाले आणि पाटलापासून पानटपरीपर्यंत सर्वांच्या तोंडी असलेले आकडे जुने झाले. १८३६ पासून कायद्यात असलेला ठग अखेर बाहेर पडला. हेतू, जाणीव, सद्भावना आणि सर्वसाधारण अपवाद यांची मांडणी जवळपास होती तशीच राहिली. गटाच्या जबाबदारीत एक भर पडली: वंश, जात, भाषा यांसारख्या कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी संगनमताने खून केला, तर त्यांतल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. मात्र इथे जन्म किंवा गाव पुरत नाही, प्रत्येकाचा संगनमतातला सहभाग सिद्ध व्हावा लागतो. ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू राहते. त्यामुळे अकोला आणि अमरावतीच्या न्यायालयांत पुढची कित्येक वर्षे एकाच दिवशी एका खटल्यात ३०२ आणि शेजारच्या खटल्यात १०३ वाचले जाईल, आणि कोणते कलम लावायचे ते गुन्ह्याच्या तारखेवरून ठरेल.